जावयाचा बटवा

हिराकाकू माणसाच्या तोंडाकडे आधी बघत नसत. पायांकडे बघत. मी त्यांच्या दारात पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा माझ्या हातात पत्रकांचा गठ्ठा होता आणि जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनमधलं एकही मराठी घर सोडायचं नाही असा निश्चय होता. मी तोंड उघडून 'जातिअंत' हा शब्द काढायच्या आत त्या म्हणाल्या, "डाव्या बुटाचा तळ सुटलाय तुझा. बर्फात मरशील. आत ये."

पत्रक त्यांनी घेतलं. वाचलं नाही. ओट्यावर पसरलं आणि त्यावर माझा बूट उपडा ठेवला. कुठूनशी एक ट्यूब काढली, कडा खरवडल्या, चिकटवल्या, आणि वर खलबत्ता ठेवून मला दडपे पोहे दिले. हे तुम्हाला कसं येतं, मी विचारलं. टीव्हीत बघितलं, असं त्यांनी सांगितलं. मी विश्वास ठेवला. अन्याय शंभर पावलांवरून ओळखणारी मी, हातभर अंतरावरचं खोटं मला ओळखता आलं नाही.

तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. हायडेलबर्गला पीएचडी चालली होती आणि त्याहून जास्त जोरात माझं पत्रक चाललं होतं. महिन्याला दोन पानं, विद्यापीठाच्या कॉपी मशीनवर, सगळ्यांच्या नजरा चुकवून. आमचं नागपूरचं बौद्ध घर, आजोबांपासून पत्रकं वाटणारं. वाक्य लिहिलं की ते कुणाच्या तरी अंगावर गेलंच पाहिजे, हे शिक्षण घरातलंच. काकू मला नावानं हाक मारत नसत. 'पत्रकवाली' म्हणत. फोनवर यजमानांना सांगत, "अहो, पत्रकवाली आलीय, दूध आणा."

हे यजमान म्हणजे डॉक्टर माधव आजरेकर. लुडविग्सहाफेनच्या रसायनांच्या कारखान्यात त्यांची पंचवीसेक वर्षं गेलेली, तीही चामडं कमावायच्या रसायनांच्या विभागात. सभ्य, सडपातळ, कमी बोलणारे. बोटांनी चामड्याचा तुकडा चोळून तो कशानं कमावलाय हे सांगणारा माणूस म्हणून कारखान्यात त्यांचा लौकिक होता. मुलगी मीरा इथंच वाढलेली. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्ये यायचं. काकू मराठीत रागावणार, ती जर्मनमध्ये रुसणार, आणि काका मधे बसून दोन्ही भाषांत गप्प.

काकूंचं घराबाहेरचं मराठी अगदी पुणेरी. घासूनपुसून लख्ख केलेलं. मधूनमधून 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर', पेरलेलं. कुणी काहीही म्हटलं की त्या 'गेनाऊ' म्हणत, त्यामुळे मंडळातल्या प्रत्येकीला वाटायचं की काकू आपल्याच बाजूच्या. मंडळ म्हणजे फ्रँकफर्टपासून इकडे मानहाइमपर्यंतच्या मराठी घरांचं. गणपती, हळदीकुंकू, दर शनिवारी मुलांचा मराठीचा वर्ग. त्या वर्गाला शंकरपाळ्यांचा डबा काकूंचा. वर्षानुवर्षं.

आणखी एक सवय. चामड्याची एकही वस्तू त्या वापरत नसत. खांद्यावर कापडी पिशवी, पायात कॅनव्हासचे बूट, मनगटावर स्टीलच्या पट्ट्याचं घड्याळ. मी माझ्या पत्रकी डोक्यानं ताडलं की ही अहिंसा. मनातल्या मनात पैकीच्या पैकी मार्क दिले.

पण पायताणांवरून त्यांची नजर हलायची नाही. एकदा ट्राममध्ये तिकीट तपासनीस आला. काकूंचा पास पिशवीत तळाला गेलेला. तो कपाळाला आठ्या घालून उभा, आणि काकू एका हातानं पिशवी उपसत त्याला जर्मनमध्ये सांगतायत की तुमची उजवी टाच बाहेरच्या बाजूनं झिजलीय, सकाळी उठताना कंबर धरते का. तो माणूस शेजारच्या सीटवर बसला. मानहाइम येईपर्यंत त्यानं आपल्या कंबरेचा सगळा इतिहास सांगितला. त्या दिवशी त्या डब्यात कुणाचंच तिकीट तपासलं गेलं नाही. उतरताना काकू म्हणाल्या, "माणूस तोंडानं काहीही सांगेल. टाच नाही खोटं बोलत."

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात, इथल्या गाड्यागाड्यांवर फुटबॉलचे झेंडे फडकत होते तेव्हा, मीराचं लग्न ठरलं. मुलगा कॅलम. स्कॉटलंडचा, हायडेलबर्गच्या एका संस्थेत संशोधक, दारातून येताना मान वाकवावी लागेल एवढा उंच. लग्नाला तो वडिलांचा किल्ट नेसणार होता. किल्ट म्हणजे त्यांचा तो चौकड्यांचा, घेरदार, लोकरीचा पुरुषी पोशाख. त्याला खिसे नसतात. म्हणून पुढच्या बाजूला कमरेला साखळीनं एक चामडी बटवा अडकवतात, त्याला ते स्पोरन म्हणतात. समोर झाकण, खाली तीन गोंडे. कॅलमकडे किल्ट होता, बटवा नव्हता. भाड्यानं आणतो, असं तो सहज बोलून गेला.

काकूंच्या हातातली पोळी तव्यावरच राहिली. जावई भाड्याचा बटवा लावून लग्नाला उभा राहणार? त्यांनी तिथंच ठरवलं, बटवा आपण द्यायचा. आणि विकतचा नाही, करवून घ्यायचा.

मी अर्थातच भडकले. मानपान या विषयावर माझा आख्खा अंक होता. वरपक्षाला वस्तू चढवणं ही कशी गुलामी आहे हे मी पोळी थंड होईपर्यंत समजावलं. काकू म्हणाल्या, "तुझं पत्रक मागणाऱ्यांसाठी आहे. इथं कुणी मागितलंय? मला द्यायचंय."

काकांचं म्हणणं होतं, एडिंबराहून तयार मागवू. काकू 'गेनाऊ' म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी मला फोन केला. नेकारकाठच्या एका गावात क्रेमर नावाचा एक झाटलर, म्हणजे खोगीर-लगाम शिवणारा कारागीर, राहतो हे मीच त्यांना बोलता बोलता सांगितलं होतं. जवळच्या एका बॅगपाइप पथकासाठी त्यानं असले बटवे केले होते. "चल," काकू म्हणाल्या, "ह्यांना मागाहून सांगू."

क्रेमर साठीचा, पोटावर चामड्याचं एप्रन, बोलणं मोजकं. भिंतीला खोगिरं टांगलेली. बटवा हवा म्हटल्यावर त्यानं पहिला प्रश्न विचारला तो मापाचा नाहीच: यात तो काय ठेवणार? बटव्याचं माप माणसावरून घेत नाहीत, आत काय जाणार त्यावरून घेतात. काकूंना हा प्रश्न फार आवडला. त्यांनी विचार करून सांगितलं, रुमाल, किल्ल्या, ट्रामचा पास, आणि कुणी हातावर ठेवलेला एखादा पेढा. क्रेमरनं पेढा म्हणजे काय ते विचारून घेतलं आणि वहीत त्याचं आकारमान लिहिलं.

मग काकूंनी पिशवीतून वर्तमानपत्राचे कापलेले तुकडे काढले. पुढचा भाग, मागचा भाग, झाकण, बाजूची पट्टी. क्रेमरनं ते चामड्यावर मांडले, पट्टी बोटांवर वळवून बघितली आणि हे कुणी कापलं म्हणून विचारलं. शिवणीत किती जाणार, वळणात किती खाणार, सगळं त्या कागदात धरलेलं होतं. मी कापलं, काकू म्हणाल्या. त्या तेव्हा चामड्याचा वास घेत होत्या. डोळे मिटून, जसा आपण आंब्याच्या देठाचा घेतो.

"हिरड्यानं कमावलेलं नाही हे," त्या मराठीत पुटपुटल्या. मग त्याला जर्मनमध्ये विचारलं, ओकची साल का.

"गेनाऊ," क्रेमर म्हणाला. काकूंचा शब्द काकूंनाच कुणी परत दिलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

बिघडलं ते गोंड्यांपाशी. क्रेमरनं नमुन्याचे गोंडे दाखवले. चामड्याच्या बारीक पट्ट्या गाठीला बांधून खाली सोडलेल्या. काकूंनी तो नमुना दोन बोटांत धरला आणि मला सांगितलं, वेणी न घालता शाळेत पाठवलेल्या पोरीसारखं दिसतंय हे. मी भाषांतर टाळलं. त्यांनी स्वतःच केलं. क्रेमर रागावला नाही. त्यानं चामड्याचा तुकडा पुढे सरकवला आणि हात केला, म्हणजे करून दाखवा.

आणि काकू जमिनीवर बसल्या.

उजव्या पायातला कॅनव्हासचा बूट काढला, मोजा काढला, पाय पसरला. क्रेमरची सुरी मागून घेतली. तुकड्यातून दोऱ्यासारख्या पट्ट्या ओढत काढल्या, न मोजता सगळ्या सारख्या. पाण्यात बुडवल्या, ओल्या फडक्यात गुंडाळल्या. मग सगळ्यांची टोकं एकत्र करून पायाच्या अंगठ्याला अडकवली आणि विणायला लागल्या. बोटं दिसेनात. नुसती चामड्याची वेणी अंगठ्यापासून त्यांच्याकडे सरकत येत होती. नऊ पदरांची, सपाट, घट्ट.

"वल्लं ऱ्हायला पायजे," त्या कुणाला तरी सांगत होत्या. मला नाही, क्रेमरलाही नाही. "वाळलं की तुटतंय. आन् वडायचं न्हाई, सोडत जायाचं."

मी ही भाषा त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. क्रेमर हातातलं काम ठेवून, एप्रन सावरून समोर फरशीवर येऊन बसला.

परतताना एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकल गाडीत, त्यांनी सांगितलं. माझ्याकडे न बघता, पलीकडच्या द्राक्षमळ्यांकडे बघत. कोल्हापूरची चांभारांची गल्ली. पुरुष तळ कापायचे, बायका वेणी घालायच्या. त्या आठव्या वर्षी आईशेजारी बसल्या आणि एकोणिसाव्या वर्षी उठल्या, लग्न होऊन. नवरा गल्लीतला पहिला बी. एस्सी. मग शिष्यवृत्ती, मग जर्मनी. इथं उतरल्यावर नवऱ्यानं एकच वचन मागितलं: इथल्या आपल्या माणसांत हे कळू द्यायचं नाही. गावाच्या नावावरचं आडनाव होतंच, ते सोयीचं पडलं.

लाज वाटते त्यांना, असा निकाल मी तिथल्या तिथे दिला.

"लाज येगळी, भ्या येगळं," काकू म्हणाल्या. पुण्याला हॉस्टेलात मुलांना कळलं होतं. वर्षभर रोज सकाळी माधवच्या खोलीच्या दाराशी फाटक्या चपलांचा ढीग असायचा. एक शब्द न बोलता तो त्या उचलून जिन्याखाली नेऊन ठेवायचा आणि कॉलेजला जायचा. तेव्हापासून दार उघडताना तो आधी खाली बघतो. अजूनही. लुडविग्सहाफेनमध्ये, तिसऱ्या मजल्यावर.

आता मला संताप आवरेना, आणि संताप आवरेना म्हणजे माझ्याकडे एकच वाट होती. कारखान्यात चामडं म्हणजे विज्ञान, गल्लीत चामडं म्हणजे जात. तेच चामडं, तोच माणूस. मला आठवलं, गेल्या हळदीकुंकवाला मंडळाच्या वर्षावहिनी कुणाला तरी हसत हसत म्हणाल्या होत्या, "जाऊ दे ना, कशाला त्या चांभारचौकशा." सगळ्या हसल्या होत्या. काकूही हसल्या होत्या, हातातलं चिवड्याचं ताट जराही न हलवता. ते न हललेलं ताट आठवून माझं डोकं फिरलं.

तीन दिवसांत अंक तयार झाला. मथळा: 'चांभाराची लेक ऱ्हाईनकाठी'. नाव, गल्ली, वेणी, हॉस्टेलच्या चपला. सगळं. बाड हॉम्बुर्ग गावी आंबेडकरी मंडळींच्या एका कार्यक्रमात मी तो वाटला. लोकांनी पाठ थोपटली. एका बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि दोन प्रती तिथून, कुणाच्या तरी पिशवीतून, मंडळात पोचल्या.

मंडळात कुणी काही बोललं नाही. आपली माणसं फार सुसंस्कृत. फक्त पुढच्या शनिवारी सगळ्यांना एकदम शुगर झाली. शंकरपाळ्यांचा डबा जसाच्या तसा परत आला. त्याच्या पुढच्या शनिवारीही.

मग काका माझ्या प्रयोगशाळेच्या दारात आले. आत आले नाहीत. मला नेहमी 'ए पोरी' म्हणणारा माणूस त्या दिवशी अहोजाहो करत होता.

"तुमचं मराठी चांगलं आहे," ते म्हणाले. "मीराला हॉस्टेलचं मी कधी सांगितलं नव्हतं. तिला मराठी वाचता येत नाही. तुमचं पत्रक तिनं दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घेतलं. कॅलमसमोर."

एवढंच. पुढे त्यांनी सांगितलं की बटवा एडिंबराहून येतोय, क्रेमरकडचं काम थांबवायला त्यांनी स्वतः फोन केलाय, आणि आता आमच्याकडून कुणी तिकडे जाणार नाही. आवाज चढला नाही. जाताना ते दार माझ्यासाठी धरून उभे राहिले, जणू बाहेर मलाच जायचं होतं.

मी काकूंकडे धावले. माफी मागायला, असं मी स्वतःला सांगत होते. पण खरं तर मी वाद घालायलाच चालले होते. लपवून काय मिळवलंत, हे वाक्य मी गाडीत तीनदा पाठ केलं होतं. काकू मेथी निवडत होत्या. बस म्हणाल्या नाहीत. अंक टेबलावर होता, घडी घातलेला.

"नऊ पदर होते," त्या म्हणाल्या. "तू सहा लिहिलेस."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"सहा पदरी वेणी शिकाऊ पोरी घालतात. मला काय तू शिकाऊ समजलीस?" मग मेथीची जुडी बाजूला ठेवून म्हणाल्या, "आणि मला 'शोषित माता' म्हटलंस. तुला मी मांडीवर घेतलं होतं का? असेन मी शोषित. पण त्या दिवशी तिथं मी मजेत होते. वीस-पंचवीस वर्षांनी हातात ओलं चामडं आलं होतं. ते एका ओळीत तरी आलं का तुझ्या?"

आलं नव्हतं. मी म्हटलं, काकू, सत्य कधीतरी बाहेर यायलाच हवं होतं.

"यायलाच हवं होतं. माझ्या तोंडून." त्या पहिल्यांदाच माझ्या पायांकडे नाही, तोंडाकडे बघत होत्या. "गल्लीबाहेरच्यांनी आम्हाला नावं ठेवली तेव्हा विचारून ठेवली नव्हती. तू पण विचारलं नाहीस. आणि छापायचंच होतं ना सगळं खरं, तर हेही छाप: माझी आई तुमच्यातली बाई दारात आली की तिला पाणी वरनं ओतायची. भांडं द्यायची नाही. मी बघितलंय. तुझी आजी असती तर तिलाही वरनंच ओतलं असतं. छापशील?"

पत्रकं लिहून लिहून माझ्याकडे प्रत्येक शत्रूसाठी वाक्य तयार होतं. पण समोर शत्रू नव्हताच. एक बाई होती, आणि तिचं म्हणणं बरोबर होतं.

थोड्या वेळानं त्यांनी मेथीची अर्धी जुडी माझ्यापुढे सरकवली. मी बसले आणि निवडायला लागले. उठताना विचारलं, मी काय करू. म्हणाल्या, पुढच्या अंकात दुरुस्ती छाप, नऊ पदर. दुसरं काही लिहू नकोस. मी छापली. 'मागील अंकात सहा पदर असे छापले गेले, ते नऊ असे वाचावे.' वाचकांपैकी कुणाला काही कळलं नाही. काकूंनी तो अंक मात्र पूर्ण वाचला.

बटव्याचा विषय त्यांनी काढला नाही. मीही नाही. एडिंबराचं खोकं आलं, ते काकांनी कपाटात ठेवलं. मला वाटलं, संपलं. एका बाईला आयुष्यात एकदा जावयाच्या अंगावर आपल्या हातचं काही घालायचं होतं आणि ते माझ्या दोन पानांनी मोडलं. क्रेमरकडे जाऊन त्याचीही माफी मागावी म्हणून एका गुरुवारी मी नेकारकाठच्या गावी गेले. खिडकीतून आत दिसलं ते एवढंच: क्रेमर बाकावर बसून झाकणाची कड घासत होता आणि खाली फरशीवर एक बाई पाय पसरून बसली होती. मी बेल वाजवली नाही. या वेळी मी कुणाला काही सांगितलं नाही, लिहिलंही नाही. एवढं तरी शिकले होते.

लग्न सप्टेंबरात, हायडेलबर्गच्या श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे नोंदणी कचेरीत. मग नेकारपलीकडच्या एका हॉलमध्ये जेवण. मला बोलावणं काकूंचं होतं: ये, पत्रकं आणू नकोस. त्यानंतर ऑक्टोबरात माझं काम संपलं, मी नागपूरला परतले, आणि काकूंची पुन्हा भेट झाली नाही. म्हणून त्या मला त्या हॉलमधल्याच आठवतात.

मंडळातल्या चारच बाया आल्या होत्या. वर्षावहिनी होत्या. कॅलम आला. हिरवा-निळा किल्ट, आणि पुढे तो बटवा. गडद तपकिरी, कडा आरशासारख्या. झाकणावर काही नाही. आणि खाली तीन गोंडे, कोल्हापुरी चपलेवर असतात तसे लालभडक, नऊ पदरी वेणीला लटकलेले. तो चालला की तिन्ही एका तालात हलत. काकांनी ते बघितलं. हातातला ग्लास त्यांनी खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की कपाटातलं खोकं अजून कपाटातच आहे.

वर्षावहिनी काकांजवळ आल्या. आवाज गोड, सगळ्यांना ऐकू जाईल एवढा. "काय सुबक आहे हो. ऑर्डर देऊन करून घेतलंत? कुणाकडून?"

उत्तर त्यांना माहीत होतं. चौघींनाही माहीत होतं. काकांची नजर खाली गेली. मी जागेवरून उठलेच होते, माझी वाक्यं माझ्या जिभेवर आलीच होती. तेवढ्यात वाढपाचं भांडं हातात धरूनच काकू मधे आल्या.

"मी केलंय," त्या म्हणाल्या. "शिलाई क्रेमरची, वेण्या माझ्या. कोल्हापूरला आमच्या घरात बायकाच घालतात. आम्ही चांभार. तुम्ही वाचलंच असेल, पण ते हिनं लिहिलेलं. हे मी सांगतेय."

कॅलमच्या स्कॉटिश आत्याबाईंना काही कळत नव्हतं, त्या हसून माना डोलवत होत्या. वर्षावहिनी म्हणाल्या, कला आहे हो तुमच्या हातात.

"कला नाही, काम आहे," काकू म्हणाल्या. "भात वाढू?"

काका बाहेर गेले. नदीच्या बाजूच्या अंगणात, पाठमोरे. मीरा त्यांच्यामागे निघाली, काकूंनी तिला डोळ्यांनी थांबवलं आणि पुढच्या ताटाकडे वळल्या. सगळ्या पंगतीला भात वाढून झाला. दोनदा त्यांनी दाराकडे बघितलं. दोन्ही वेळा भांड्यातला डाव खणकन वाजला.

मग काका आत आले. कुणाकडे न बघता सरळ कॅलमसमोर गेले आणि भर हॉलमध्ये, सुटाबुटात, त्याच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसले. खिशातून पांढरा रुमाल काढला, टेबलावरच्या ग्लासात त्याचं टोक बुडवलं, पिळलं, आणि लाल गोंड्यावर घासायला लागले. एक, दोन, तीन, मराठीत मोजत. कारखान्यात रोज करत असतील तसं. कॅलम शिंप्यापुढे उभं राहावं तसा हात वर धरून निमूट उभा. दहा झाल्यावर त्यांनी रुमाल उलगडून उजेडात धरला. फिकट लाल डाग.

"रंग जातोय," ते काकूंना म्हणाले. "पक्का केला नाहीस."

"तुमच्या कारखान्यातलं औषध मला कुठनं मिळणार होतं?"

"मागायचं होतंस."

"दिलं असतं?"

काकांनी रुमालाचा कोरडा भाग वर घेतला आणि दुसरा गोंडा हातात धरला. वर्षावहिनींची नजर तिथंच खिळलेली होती, हातातला चमचा तसाच.

काकूंनी भाताचं भांडं जवळच्या खुर्चीवर ठेवलं. गुडघ्यावर हात टेकत टेकत, नऊवारीचा काष्टा सावरत, त्या काकांच्या शेजारी खाली बसल्या. किल्टला रंग लागू नये म्हणून गोंडा त्यांनी दोन बोटांनी पुढे उचलून धरला.

"हळू वो," त्या म्हणाल्या. "वेणी उसवंल."